एकोणीस लेखिकांचा सातवा लेख

१

शुक्रवारपर्यंत जागेवर असलेला लेख सोमवारी सकाळी नव्हता. ‘गेंतोंग’ या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर दोन वर्षांपूर्वीचा मार्चचा अंक तसाच होता, संपादकांचं लांबलचक निवेदन तसंच होतं, बाकीचे आठ लेख सुखरूप होते. फक्त सातवा, कालिवुरू गावच्या जामू या औषधी पेयावरचा, नाहीसा झाला होता. त्याचा जुना पत्ता टाकला की ‘हे पान सापडत नाही’ एवढंच उत्तर येत होतं.

“दहा वेळा बघितलं, बू,” विद्यापीठात शिकवणारी किनासिह म्हणाली. “दहाही वेळा नाही.”

“मग अकराव्यांदा बघू नकोस. बस आणि नीट सांग.”

बू वार्सिती, म्हणजे वार्सितीबाई, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या त्याला चार वर्षं होऊन गेली होती. निरोपाला भाषणं झाली, शाल मिळाली, आणि पुढच्याच आठवड्यापासून फोन सुरू झाले. कुणाचा प्रबंध सापडत नाही, कुणाची फाईल उघडत नाही, कुणाचं पान पांढरं दिसतं. इंडोनेशियातल्या या जोग्जा शहरात संगणकाची पदवी घेतलेली माणसं पैशाला पासरी, तरी हरवलेला कागद शोधायला चौसष्ट वर्षांची बाईच लागते, याचा त्यांना आताशा राग येईनासा झाला होता. नुसता कंटाळा यायचा. त्यात जो तो पुढ्यात साखरेचा पाक केलेला चहा आणून ठेवायचा. साखर बंद आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळेच दर वेळी विसरत होते.

किनासिहने जे सांगितलं ते ऐकून मात्र त्यांचा कंटाळा गेला.

कालिवुरूच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर टोपली बांधून जामू विकत आल्या होत्या. हळद-चिंचेच्या जामूत भाजलेल्या तांदळाची पेज आणि विड्याच्या पानांचा काढा अशा काही बेताने घालायचा, की ते बर्फाशिवाय तीन दिवस टिकतं. ही युक्ती त्या गावाबाहेर कुणाला नव्हती. किनासिहने वर्षभर त्यांच्याबरोबर चुलीपुढे बसून ती लिहून काढली आणि ‘गेंतोंग’ला दिली. हे नियतकालिक कुणालाही, कुठेही, फुकट वाचता येतं. घरासमोर वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण भरून ठेवतात, त्या रांजणाचंच नाव त्याला दिलेलं. लेखावर नावं मात्र तिच्या एकटीची नव्हती. त्या एकोणीस बाया त्याच्या लेखिका होत्या आणि ती विसावी.

“त्यांच्यातल्या निम्म्या जणींना नको होतं हे,” किनासिह सांगत होती. “आपली युक्ती जगाला सांगून टाकायची म्हणजे काय? मीच समजावलं. म्हटलं, उघडं करून ठेवलं, तारखेसकट, की मग कुणी त्याला कुलूप लावू शकत नाही. त्यांच्यातल्या थोरल्या म्बाह पोनिरांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि बाकीच्यांनी त्यांच्यावर.”

आणि आता कुलूप घेऊन एक जण आला होता. शीतपेयांच्या एका कंपनीने हीच कृती आपला शोध म्हणून नोंदवायला चौदा महिन्यांपूर्वी अर्ज टाकला होता. बाटल्यांतून जामू विकणाऱ्या सात बायांना वकिलाची पत्रंही आली होती, की हे बनवणं थांबवा. लेख अर्जाच्या आधीचा होता, म्हणजे अर्ज तिथेच निकालात निघाला असता. फक्त तो आधी प्रसिद्ध झाला होता हे दाखवायला हवं होतं.

“तुझ्याकडे प्रत आहे ना?”

“आहे. पण माझ्या संगणकातली प्रत मी काल टंकली की दोन वर्षांपूर्वी, हे कोण सांगणार? पुन्हा चढवला तर आजची तारीख पडते. हाताने तारीख बदलता येते, आणि तेच तर वकील म्हणेल.”

“हरकत नोंदवायची मुदत कधी?”

“गुरुवार. दुपारी चार.”

२

संकेतस्थळ सांभाळणारा मास गलांग तळमजल्यावरच्या खोलीत बसायचा. खोलीत पंखा एक आणि कपाटं सहा. त्याने आधी मागेलांगहून आणलेले गेतुक, म्हणजे कंदाच्या वड्या, पुढे केले, मग गोड चहा, आणि मग हात वर केले.

जुगारवाले होते, बू, असं त्याचं म्हणणं. ते तर सगळ्यांनाच छळतात. विद्यापीठाच्या पानांवर जुगाराच्या जाहिराती घुसवायच्या, म्हणजे लोकांचा विश्वास बसतो. शनिवारी पहाटे ते ‘गेंतोंग’मध्ये शिरले आणि पहिल्या पानावर फिरत्या चाकांचं चित्र लावून गेले. गलांगने शनिवारची सगळी सकाळ साफसफाईत घालवली, रविवारी मावसबहिणीच्या लग्नाला मागेलांगला गेला. त्या गडबडीतच लेख उडाला असणार.

“राखीव प्रत?”

“डिस्क भरली, बू. गेल्या पावसाळ्यापासून. तीन अर्ज केलेत.”

“बाहेरच्या संग्रहांनी घेतलेली?”

गलांगने मान खाली घातली. मागच्या वर्षी जुगारवाल्यांच्या धास्तीने त्याने बाहेरच्या सगळ्या यंत्रांना दार बंद केलं होतं. जे नियतकालिक जगाला उघडं असावं म्हणून काढलं, ते जगातल्या कुठल्याच संग्रहाला दिसत नव्हतं. बू वार्सितींनी कपाळावर हात मारून घेतला आणि पुढचं विचारायचं तात्पुरतं सोडून दिलं.

मुख्य संपादक पाक हार्जोनोंची खोली वर होती. भिंतीवर ‘गेंतोंग’च्या चार अंकांच्या प्रकाशनाचे फोटो, प्रत्येकात पाक हार्जोनो मध्यभागी. एका फोटोत ते कालिवुरूच्या बायांमध्ये उभे होते आणि खरोखर आनंदात दिसत होते. आज चेहरा ओढलेला होता. नियतकालिकाची श्रेणी ठरवणारी तपासणी याच आठवड्यात होती. वरची श्रेणी मिळाली तर ‘गेंतोंग’मध्ये लिहिणाऱ्या प्रत्येकाला बढतीचे गुण, आणि त्यांना स्वतःला प्राध्यापकपद. तीन वर्षं ते याच एका गोष्टीमागे लागले होते, हे त्यांनीच पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं.

“नेमके आत्ताच हे जुगारवाले,” ते म्हणाले. “मी तर बुधवारपासून संकेतस्थळ उघडलंसुद्धा नाही, बू. नुसता कागदांत बुडालोय.”

खाली येऊन बू वार्सितींनी किनासिहच्या संगणकावर मार्चचा अंक पुन्हा उघडला. अनुक्रमणिकेत लेख ओळीने लावलेले होते. एक, दोन, तीन, असे थेट आठपर्यंत. त्यांनी किनासिहकडून जुनी यादी मागून घेतली. तिच्यात होते नऊ, आणि आता सातव्या क्रमांकावर असलेला लेख तिथे आठवा होता.

“चोर कधी घर आवरून जातो का ग?” त्यांनी विचारलं. “लेख गेला तर सहानंतर आठ यायला हवा. इथे कुणीतरी बसून आकडे बदललेत. जुगारवाल्यांना तुझ्या अनुक्रमणिकेचं काय पडलंय?”

म्हणजे हे घरातल्याच कुणाचं तरी काम होतं.

३

संकेतस्थळाच्या पोटात एक नोंदवही असते. कुणी, कधी, काय केलं ते तिच्यात आपोआप उमटतं. गलांगने ती उघडून दिली. सातवा लेख काढल्याची ओळ सापडली आणि बू वार्सितींना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी नाव वाचलं. ‘संपादक’.

“हा संपादक कोण?”

“सगळेच, बू. एकच खातं आहे.”

“आणि परवलीचा शब्द?”

गलांगने कपाटाकडे बोट दाखवलं. पिवळ्या चिठ्ठीवर नियतकालिकाचं नाव आणि पुढे साल. खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरात. तीस वर्षं माणसांना पुस्तकं जपायला शिकवल्यावर हे बघायला मिळतं म्हणताना बू वार्सितींचा आवाज चढला, आणि गलांगने निमूटपणे दुसरा गेतुक पुढे केला.

वेळ मात्र बोलकी होती. शुक्रवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. शुक्रवारी बारा ते एक झाडून सगळे पुरुष मशिदीत असतात. गलांग होता, पाक हार्जोनो तर पहिल्या रांगेत होते, शेजारी बसलेल्या चार जणांनी तसं सांगितलं. किनासिह उपाहारगृहात विद्यार्थिनींबरोबर जेवत होती. त्या वेळी नियतकालिकाच्या खोलीत एकच व्यक्ती होती. डबा गरम करायला आलेल्या बू पालुपी.

बू पालुपी संपादक मंडळावर होत्या, आणि त्याच शीतपेय कंपनीच्या सल्लागारही होत्या. हे दुसरं किनासिहला सोमवारी दुपारपर्यंत माहीत नव्हतं. कळल्यावर ती तडक अधिष्ठात्यांकडे निघाली. बू वार्सितींनी तिला दंडाला धरून बसवलं.

“माझ्यामुळे सात घरांच्या चुली बंद पडायची वेळ आलीये, बू,” किनासिह म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “त्यांना मी काय तोंड दाखवू?”

“तोंड दाखवायचंच आहे, तर उत्तर घेऊन दाखव. मी आधी तिला भेटते.”

बू पालुपींनी काही लपवलं नाही. उलट त्यांना विचारल्याचाच राग आला. आपण सल्लागार आहोत हे मंडळाला पत्राने कळवलं होतं. पत्र कुणी वाचलं नाही, हा आपला दोष नाही. शुक्रवारी खोलीत होते, डबा गरम केला, खाल्ला, भांडं धुतलं.

“आणि खरं सांगू का,” त्या म्हणाल्या, “मला ते संकेतस्थळ चालवता येत नाही. परीक्षण मी हाताने लिहिते, त्याचा फोटो काढते आणि गलांगला पाठवते. तो टंकतो. विचारा त्याला, किती शिव्या घालतो ते.”

“तुमच्या कंपनीला हा लेख माहीत होता?”

“पहिल्याच बैठकीत मी सांगितलं, हे आधीच प्रसिद्ध झालंय. हसले माझ्यावर. म्हणाले, फुकट मिळतं ते कोण वाचतं.”

“हे लिहून द्याल?”

बू पालुपींनी चष्मा काढून पुसला. करार होता, त्यात गुप्ततेचं कलम होतं. लिहून देता येणार नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण वाईट वाटण्याने गुरुवारचं काम होणार नव्हतं.

गलांगने शिव्यांसकट दुजोरा दिला. ज्या बाईला साधं परीक्षण चढवता येत नाही, तिने लेख काढून मागचे आकडे नीट लावले हे बू वार्सितींच्या पचनी पडेना. पण घड्याळ म्हणत होतं बारा दहा, आणि बारा दहाला तिथे दुसरं कुणीच नव्हतं.

४

मंगळवारी सकाळी त्या इमारतीच्या रखवालदाराकडे गेल्या. बू पालुपी शुक्रवारी किती वाजता आत आल्या आणि कधी बाहेर पडल्या, एवढंच त्यांना बघायचं होतं. वहीत नोंद होती, अकरा पन्नासला आत आणि एक वीसला बाहेर. वही मिटता मिटता त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. शनिवार, गलांग, नऊ पाचला आत, बारा पंधराला बाहेर.

त्यांनी पुन्हा गलांगची खोली गाठली आणि नोंदवहीत शनिवारची साफसफाई काढायला लावली. पहिली ओळ होती दोन वाजून दहा मिनिटांची, शेवटची पाच वाजताची.

“मास गलांग, शनिवारी तू पहाटे दोनला आला होतास?”

“छे, बू. नऊला आलो. रखवालदाराला विचारा.”

“त्याला विचारूनच आलेय. मग हे दोन दहा कुठून आलं?”

गलांगने पडद्याकडे बघितलं, मग छताकडे. मग सावकाश म्हणाला की चार वर्षांपूर्वी संकेतस्थळ बसवताना घड्याळ लंडनच्या वेळेवर होतं. बदलायचं राहिलं. रोज कुठे बघतो आपण?

“सात तास मागे,” बू वार्सिती म्हणाल्या. “चार वर्षं. आणि एकानेही बघितलं नाही.”

त्यांना आता ओरडायचीही ताकद राहिली नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली आणि कागदावर बेरीज मांडली. जुगारवाले नोंदवहीप्रमाणे शुक्रवारी रात्री नऊ पाचला आले, म्हणजे खरे शनिवारी पहाटे चारला. तेही गलांगच्या सांगण्याशी जुळत होतं. आणि लेख निघाला तो बारा दहाला नव्हे, तर संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा कुणी मशिदीत नव्हतं, इमारतीला तर पाचलाच कुलूप लागतं. परवलीचा शब्द ठाऊक असलेला कुणीही घरी बसून हे करू शकत होता.

बू पालुपी सुटल्या. पण त्यांच्याबरोबर मशिदीतल्या पहिल्या रांगेची साक्षही रद्द झाली.

५

मंगळवारी संध्याकाळी बू वार्सिती कोपऱ्यावरच्या खाणावळीत फणसाचं गुडेग आणि भात खात बसल्या होत्या. समोर किनासिह नुसता भात चिवडत होती. एवढ्यात बू वार्सितींचा फोन सलग चार वेळा वाजला. विद्याशाखेचा व्हॉट्सअ‍ॅप गट. निवृत्तीनंतर त्यांना त्यातून काढायचं कुणाला सुचलं नाही, आणि आपण बाहेर पडलो तर माणसं नाराज होतील म्हणून त्याही पडल्या नाहीत. दिवसाला दोनशे निरोप यायचे. शुभ सकाळ, अभिनंदन, शोकसंदेश, पुन्हा अभिनंदन.

“बंद का करत नाही?” किनासिहने विचारलं.

“करणारच होते,” म्हणत त्यांनी तो उघडला, आणि त्यांचा घास हातातच राहिला. मनात एक शंका आली होती. आपल्याकडे पडद्यावरची कुठलीही बैठक सामूहिक फोटोशिवाय संपत नाही. तिघे असोत की तीनशे, शेवटी सगळ्यांनी कॅमेरे लावायचे, अंगठे वर करायचे, हसायचं, आणि पाच मिनिटांत तो फोटो गटावर टाकायचा. आणि सात दहा ही वेळ मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतरची, म्हणजे नेमकी बैठकांचीच.

त्या बोटाने मागे मागे जात राहिल्या. सोमवार, रविवार, एक बारसं, दोन वाढदिवस. शुक्रवार, संध्याकाळी सात बेचाळीस. पाठवणारे पाक हार्जोनो. ‘श्रेणी तपासणीच्या पूर्वतयारीबद्दल मलांगच्या मार्गदर्शकांचे मनःपूर्वक आभार.’ खाली फोटो. कडेला सहा चेहरे, सहा अंगठे. आणि मध्यभागी, बंद करायचा राहून गेलेला, पाक हार्जोनोंनी सगळ्यांना दाखवायला उघडलेला पडदा.

बू वार्सितींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो मोठा केला. मार्चचा अंक. अनुक्रमणिका. एक ते आठ.

“बुधवारपासून उघडलं नाही म्हणत होते,” त्या म्हणाल्या.

किनासिहने फोन हातात घेतला. लेख स्वीकारल्याचं पत्र तिला पाक हार्जोनोंनी स्वतः आणून दिलं होतं.

“का पण, बू? त्यांचा कंपनीशी काय संबंध?”

“काही नाही. तेच तर विचारायचंय उद्या. आणि उद्या म्बाह पोनिरांनाही बोलाव.”

६

बुधवारी दुपारी दोन वाजता पाक हार्जोनोंच्या खोलीत चौघं बसली. म्बाह पोनिरा विक्री आटोपून थेट आल्या होत्या. टोपली त्यांनी दाराबाहेर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. वय सत्तरच्या पुढे, पाठ ताठ.

बू वार्सितींनी आढेवेढे घेतले नाहीत. आकडे ओळीने लावलेत म्हणून जुगारवाले नाहीत. घड्याळ सात तास मागे आहे म्हणून बू पालुपी नाहीत. काढणाऱ्याला संकेतस्थळ हाताळता येतं, शुक्रवारी सात दहाला ते त्याच्यासमोर उघडं होतं, आणि नंतर पाऊण तासाच्या आत त्याने ते सहा जणांच्या फोटोत पकडून सगळ्या विद्याशाखेला पाठवलं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

पाक हार्जोनोंनी फोटोकडे बघितलं. आधी ते रागावले, मग म्हणाले की फोटो जुना असेल, मग त्यांनी वरची वेळ वाचली.

“मला पेटंटचं काही माहीत नव्हतं,” शेवटी ते म्हणाले. “देवाशपथ. सोमवारी किनासिह आली तेव्हा कळलं.”

“मग काढला कशाला?”

त्यांनी सांगितलं ते असं. श्रेणी तपासताना आधी यंत्र लेखकांची नावं चाळतं. आमच्याकडच्या जुन्या बायांना नाव एकच, आणि संकेतस्थळावरच्या अर्जाला हवं असतं नाव वेगळं, आडनाव वेगळं. मग सगळे करतात तेच किनासिहनेही केलं, तेच नाव दोन्ही रकान्यांत भरलं. शिवाय प्रत्येकीला ईमेल हवा. तो कुणाकडेच नव्हता, म्हणून एकाच पत्त्याला एक ते एकोणीस आकडे जोडले. यंत्राने लाल खूण लावली. बनावट लेखक असल्याचा संशय. मलांगचे मार्गदर्शक म्हणाले, आम्हाला कळतं हो, पण यंत्राला कोण समजावणार? तपासणी होईपर्यंत हा लेख झाकून ठेवा.

“मला झाकायचाच होता, बू. पंधरा दिवस फक्त. चुकीचं बटण दाबलं आणि तो गेला. समोर पाच माणसं बघत होती. मी म्हटलं झालं, आणि आकडे लावून टाकले.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी गलांग म्हणाला, जुगारवाले. मी काहीच म्हटलं नाही.”

किनासिह उठून खिडकीपाशी गेली. तिला ओरडायचं होतं आणि ओरडून काही मिळणार नव्हतं, हे दोन्ही तिच्या पाठीवरून कळत होतं. बू वार्सितींना मात्र पुढचं दिसत होतं. बैठकीचं चित्रण. अशा बैठका कुणी कधी बघत नाही, पण त्यांचं चित्रण करून ठेवल्याशिवाय राहत नाही. त्याच्या पहिल्या अर्ध्या तासात लेख जागेवर असणार, तारखेसकट, आणि बाहेरच्या गावची पाच माणसं त्याच्यावर चर्चा करताना ऐकू येणार.

“चित्रण तुमच्याकडे आहे?”

“आहे,” पाक हार्जोनो हळूच म्हणाले. “पण ते बाहेर गेलं तर तपासणीआधी मी लेख काढला हेही बाहेर जाईल. श्रेणी जाईल. असलेलीसुद्धा जाईल. तीन वर्षं, बू. आणि एकट्या माझी नाहीत, इथल्या वीस जणांच्या बढत्या अडकल्यात त्यात.”

ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच बू वार्सितींना जास्त संताप आला. ज्याचं त्याचं खरं, आणि सगळ्यांची खरी एकत्र केली की अशी माती होते. ते त्या बोलणार, एवढ्यात म्बाह पोनिरांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“पाक, एक विचारू का? त्यात आमची नावं होती म्हणून काढलात?”

पाक हार्जोनोंनी तपासणीबद्दल सांगायला सुरुवात केली, यंत्राबद्दल, लाल खुणेबद्दल. म्बाह पोनिरा ऐकत राहिल्या. त्यांचं बोलून संपल्यावर त्या तशाच वाट बघत बसल्या, जणू उत्तर अजून यायचंच होतं.

“हो,” पाक हार्जोनो म्हणाले. “नावांमुळेच.”

“बरं,” म्बाह पोनिरा म्हणाल्या. “तुम्हीच त्या दिवशी सांगितलं होतं, की तुम्ही आता लेखिका. माझ्या नातीने तो कागद शाळेत नेऊन दाखवला होता.”

पाक हार्जोनोंनी खण उघडला, विद्यापीठाचा छाप असलेला कोरा कागद काढला, आणि टंकायच्या ऐवजी पेनच घेतलं. चित्रण सोबत जोडत असल्याचं त्यांनी लिहिलं. लेख दोन वर्षांपूर्वी अकरा मार्चला प्रसिद्ध झाला, तो सर्वांना खुला होता, आणि मुख्य संपादक या नात्याने मी स्वतः तो गेल्या शुक्रवारी काढला, हेही लिहिलं. मग ते थांबले.

“लेखिकांची नावं लागतील,” ते म्हणाले. “किनासिह, यादी?”

“लिहा,” म्बाह पोनिरा म्हणाल्या. “मी सांगते.”

त्या सांगत गेल्या, एकेक, सावकाश, कागदाकडे न बघता. पोनिरा. वागिराह. टुकिनेम. जुमियाती. प्रत्येक नावानंतर पेन टेकेपर्यंत थांबायच्या. पाक हार्जोनो एकाखाली एक लिहीत होते. बाराव्या नावाला त्या जरा जास्त थांबल्या.

“सुगियेम,” त्या म्हणाल्या. “ती गेली. मागच्या रमजानात.”

पाक हार्जोनोंनी मान वर केली. तिचं नाव घालायचं की नाही, हे विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते बू वार्सितींनी बघितलं.

“लिहा तिचंही,” म्बाह पोनिरा म्हणाल्या. “विड्याची पानं घालायचं तिनेच काढलं होतं.”

त्यांनी लिहिलं. एकोणीस झाल्या, विसावी किनासिह झाली. पाक हार्जोनोंनी खाली सही केली आणि आजची तारीख टाकली, आणि कागद पुढे सरकवण्याआधी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी दोनदा ताडून बघितली.